थांबायची खूण

ठाण्यात वाद्यं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात माझ्या बाजूला दोघे बसलेले. एकाच्या मांडीवर भजनी मंडळाचा पखवाज, दुसऱ्या काकांच्या मांडीवर शालीत गुंडाळलेलं काहीतरी.

"काका, हे स्वरमंडळ का?" पखवाजवाल्याने विचारलं.

"नाही हो, लायर म्हणतात याला. तार तुटलीय. मुलगी आयर्लंडला नर्स आहे, तिने पाठवलं."

"आणि वाजवता काय यावर? अभंग?"

"तिकडच्याच जुन्या चाली. अक्षदा फोनवर गुणगुणते, मी बसवतो. मग रविवारी तिला वाजवून दाखवतो."

"जमतं?"

"आधी घाई व्हायची. आपली भजनातली सवय, शेवटाकडे लय चढवत न्यायची. ती म्हणाली, बाबा, ही चढवायची नाही. फिरून पहिल्या ओळीवर यायचं, नि परत तेच."

"मग तिहाई कुठे घेता?"

"तिहाई नाहीच त्यात."

"अहो, मग संपवायचं कसं?"

"मीपण हेच विचारलेलं. तिकडे म्हणे सगळे गोल बसून वाजवतात. कुणाला पुरे वाटलं की तो बाकीच्यांकडे बघतो. नजरेला नजर मिळाली की थांबायचं."

"फोनवर कसं जमणार ते?"

"व्हिडिओ असतो ना. ड्युटीची वेळ झाली की ती बघते माझ्याकडे."

"मग थांबता तुम्ही."

"मी तारांकडे बघत असतो."