पंजाच्या मशीनमधली पोर

सुलक्षणा : पुरे आता ते हात धुणं. साबणाची वडी अर्धी झाली. काल जेवला नाहीत, आज कामाला गेला नाहीत. काय झालंय ते सांगताय, की मी लावू गेम झोनमध्ये फोन?

चंदर : नको लावू. काढलंय मला.

सुलक्षणा : काढलंय? कोणी?

चंदर : दिपेशने. मॅनेजर ना तो! आणि त्याने काढलं नसतं तर मीच सोडणार होतो. हाताचा वास जात नाही गं.

सुलक्षणा : कसला वास? मला तर नुसता साबणाचा येतोय.

चंदर : तुला नाही यायचा. तुला वाटतं नवरा गेम झोनमध्ये आहे, लाइटी, म्युझिक, मज्जा. मी दिवसभर काय करतो तिथे? बंदुकीच्या खटक्यातून चीज खरवडतो. बॉलच्या हौदातून डायपर काढतो. मोटारसायकलच्या सीटवर कोणीतरी ओकतं, ते पुसून होईपर्यंत मागचा ओरडतो, अंकल, जल्दी करो ना. आणि ते जुनं पिनबॉलचं मशीन. मी आधी होतो ते अंधेरीचं व्हिडिओ गेम पार्लर बंद झालं तेव्हा मी भांडून ते ह्या मालकाला घ्यायला लावलं. त्याच्या काचेवर लोक उष्ट्या प्लेटी ठेवतात.

सुलक्षणा : हे नेहमीचंच आहे हो. ह्यावरून कोणी नोकरी सोडतं? आणि तुमच्या वयाला दुसरीकडे कोण घेणार आहे?

चंदर : ह्यावरून नाही. ते पंजाचं मशीन आठवतंय तुला? दिवाळीत आलेलीस तेव्हा तू खेळलीस बघ.

सुलक्षणा : काचेची पेटी. पंजा खाली येतो, टेडी उचलतो आणि मधेच टाकून देतो. मेलं, एकदा पण नाही दिलं मला.

चंदर : तेच. जिंकलेला टेडी खालच्या झडपेतून बाहेर येतो. त्या झडपेची आतली पट्टी तुटलेली. लहान पोर वाकून आत शिरेल एवढी जागा. मी दिपेशला सांगितलं, मशीन बंद ठेव, पट्टी मागव. म्हणतो, रविवारी? चंदरभाई, वेड लागलं का?

सुलक्षणा : अगो बाय. शिरलं कोणी?

चंदर : शिरली. चारेक वर्षांची पोर. मी लांब दुसऱ्या टोकाला होतो. ऐकू आलं तर लोक हसतायत, शिट्ट्या मारतायत. वाटलं, कोणाला तरी मोठा टेडी लागला. जाऊन बघतो तर टेडींच्या ढिगात ही. गळ्यापर्यंत. काचेला हात लावून बसलेली. आणि बाहेर वीस-पंचवीस माणसं, सगळ्यांचे मोबाइल वर.

सुलक्षणा : आणि तिचे आईबाप?

चंदर : आई नव्हती. बाप होता ना, सगळ्यात पुढे. तोच शूटिंग करत होता. बेटा, इधर देख, बेटा, हाय कर. ती रडतेय, हा म्हणतो, स्माइल कर.

सुलक्षणा : शी!

चंदर : थांब, शी पुढे आहे. मी चावी काढली तर दिपेशने माझा हात धरला. एक मिनिट थांब म्हणतो, लोक एन्जॉय करतायत. तेवढ्यात कोणीतरी कार्ड स्वाइप केलं.

सुलक्षणा : म्हणजे?

चंदर : म्हणजे मशीन चालू केलं. पोर आत असताना. पंजा तिच्या डोक्यावर आणला. तिला उचलायला. त्यांचा गेम. लोखंडी पंजा खाली येतोय आणि ती पोर दोन्ही हात डोक्यावर घेऊन टेडींच्या खाली जायला बघतेय. पंजा सैल असतो, आम्हीच तसा ठेवतो, त्याने काही तुटलं-फुटलं नसतं. पण तिला काय माहीत? केस अडकले तिचे त्यात. आणि लोक ओरडतायत, छूट गया, छूट गया, फिर से डाल!

सुलक्षणा : पुरे. नका सांगू.

चंदर : ऐक आता. मी दिपेशचा हात झटकला आणि सरळ मेन स्विच खाली केला. अर्धा झोन अंधारात. दार उघडून तिला काढली. भिजली होती सगळी. घाबरून लघवी झाली तिला. अशी चिकटली मला, सोडेना. आणि बाप काय म्हणाला असेल? भाई, एक बार फिर से अंदर बिठा सकते हो क्या? चेहरा नहीं आया ठीक से.

सुलक्षणा : खोटं.

चंदर : तुझी शपथ.

सुलक्षणा : तुम्ही काय केलंत?

चंदर : हेमांगीला बोलावलं, आपली काउंटरवरची. तिने पोरीला आत नेऊन पुसलं, स्वतःची ओढणी तिला गुंडाळली. मी ओले टेडी कचऱ्याच्या पिशवीत भरायला लागलो. तर दिपेश म्हणतो, फेकतोस कशाला, ड्रायर मारून परत टाक. पब्लिक उभी आहे. मी म्हटलं, तू मार ड्रायर. तो म्हणाला, उद्यापासून येऊ नकोस. मी झोनचा टी-शर्ट तिथेच काढला, पिशवीत टाकला त्या टेडींबरोबर आणि बनियनवर रिक्षात बसलो.

सुलक्षणा : म्हणून काल बनियनवर आलात. आणि मी विचारत बसले, कुठे पिऊन पडलात का.

(दाराची बेल वाजते.)

दिपेश : नमस्ते भाभी! चंदरभाई आहेत? वा, घर छान ठेवलंय हं भांडुपला. हे तुमच्यासाठी, फुलं. आणि मिठाई.

सुलक्षणा : तुम्ही कोण?

चंदर : हाच दिपेश.

दिपेश : चंदरभाई, कालचं विसरा यार. गरमागरमीत होतं. आधी मोबाइल बघा. कोणीतरी बाजूने पूर्ण सीन घेतलाय. तुम्ही लाइट बंद करता, पोरीला काढता. हिट आहे हिट! मशीनवाले काका म्हणतात तुम्हाला. हेड ऑफिसमधून सकाळपासून तीन फोन, त्या माणसाला घेऊन या.

चंदर : कशाला?

दिपेश : सत्कार! शनिवारी. शाल, श्रीफळ, फोटो. आणि नोकरी तर तुमचीच आहे. फक्त एक छोटं काम. कालचा व्हिडिओ अंधारात गेलाय ना, तर आपण प्रॉपर लाइटमध्ये परत करू. बच्ची आत, तुम्ही पळत येता, दार उघडता. एक मिनिटाचं काम.

सुलक्षणा : बच्ची कोण?

दिपेश : तीच, भाभी. प्रांजल. तिचे पप्पा रेडी आहेत. त्यांना आम्ही वर्षभराचा फ्री पास देतोय.

सुलक्षणा : आणि पोर? ती रेडी आहे?

दिपेश : लहान मूल आहे, त्याचं काय! पप्पा म्हणाले, मशीनचं नाव काढलं की जरा रडते. चॉकलेट दिलं की होईल नॉर्मल.

चंदर : झडपेची पट्टी बसवली?

दिपेश : टेप लावलाय.

चंदर : मशीन चालू आहे?

दिपेश : चालू म्हणजे? लाइन लागलीये! लोक विचारतात, हेच का ते? पोरांना झडपेत अर्धं घालून फोटो काढतात. बिझनेस डबल आहे, चंदरभाई.

सुलक्षणा : उठा.

दिपेश : अं?

सुलक्षणा : माझ्या खुर्चीवरून उठा. ही फुलं घ्या, तो मिठाईचा पुडा घ्या. मी आता कोलंबी साफ करायला बसतेय, तिची घाण पण इथे ठेवेन, पण तुम्हाला नाही.

दिपेश : भाभी, तुम्ही इमोशनल होताय. चंदरभाई, तुम्ही तरी समजा. तुम्ही नाही आलात तर मी दुसऱ्या कोणाला तरी झोनचा टी-शर्ट घालून उभा करीन. पाठमोराच दिसणार आहे.

चंदर : कर उभा.

दिपेश : मग बोलू नका, संधी दिली नाही. चलो, मिठाई राहू दे.

सुलक्षणा : मिठाई घेऊन जा!

चंदर : गेला?

सुलक्षणा : गेला. जिन्यात फोनवर बोलतोय, दुसरा माणूस बघा म्हणून. अहो, पण हे परत पोरीला आत बसवतील.

चंदर : बसवतील.

सुलक्षणा : मग नुसते काय बसलात? तिची आई कुठे असते? तिला माहीत आहे का हे?

चंदर : हेमांगीकडे नंबर असेल. तीच काल सांगत होती, मागच्या महिन्यात त्याच पोरीचा वाढदिवस आमच्याकडे झाला. आईनेच सगळं ठरवलं होतं. हॉस्पिटलमध्ये नर्स आहे, घाटकोपरला.

सुलक्षणा : मग मागा. आत्ता.

(हेमांगीकडून नंबर मिळतो. चंदर फोन लावतो.)

चंदर : हॅलो, मॅडम? तुम्ही मला ओळखत नाही. मी चंदर, गेम झोनमध्ये मशीन बघायचो. प्रांजलच्या आई ना?

मनाली : हो, मनाली बोलतेय. काय झालं? काही राहिलं का तिचं तिथे? दुसऱ्याच कोणाच्या तरी ओढणीत गुंडाळून आणली तिला ह्यांनी.

चंदर : तुम्हाला काय सांगितलं त्यांनी?

मनाली : तिथल्या भुताच्या गुहेत घाबरली म्हणाले. काल रात्री तीनदा उठली. काय झालंय, काका? काही लागलं का तिला?

चंदर : लागलं नाही. पण ती भुताच्या गुहेत नव्हती, मॅडम. पंजाच्या मशीनमध्ये होती. काचेच्या आत. मीच तिला काढली. आणि शनिवारी तिला परत आत बसवणार आहेत, शूटिंगसाठी. तुमचे मिस्टर हो म्हणालेत. तुम्हाला माहीत असावं म्हणून फोन केला.

मनाली : थांबा, मी दार लावून घेते.

चंदर : मॅडम? आहात ना?

मनाली : आहे. टेडी आहेत आणि वरून तो पंजा येतो, तो व्हिडिओ?

चंदर : बघितलात तुम्ही?

मनाली : आमच्या वॉर्डच्या ग्रुपवर आला होता. सकाळी ड्यूटीवर. नुसते केस दिसतात त्यात, तोंड नाही दिसत. मला वाटलं, असेल कुठला तरी परदेशातला. आम्ही सगळ्या हसलो. मी पुढे पण पाठवला.

चंदर : तुम्हाला काय माहीत, मॅडम.

मनाली : शनिवारी ती कुठेही जाणार नाही. ते मी बघते. आणि तिथे झोनमध्ये मी स्वतः येणार आहे, कोणाकोणाशी बोलायचं ते मला सांगा तुम्ही.

चंदर : सांगतो. मी पण येतो बरोबर.

मनाली : काका, एक विचारू? त्या पेटीत हवा असते का?

चंदर : असते. वर भोकं आहेत.

मनाली : आणि बाहेरचा आवाज? आत ऐकू येतो?

चंदर : येतो, मॅडम. सगळा येतो.