बासष्ट पॉइंट चार

अनुजा : मग मंगळवारी टेस्ट घेतली कुणी, बाळासो?

बाळासो : मीच की. खाली सही हाय न्हवं माझी?

अनुजा : सही आहे. पण वॉचमन म्हणतोय, तुम्ही त्या दिवशी गडहिंग्लजला गेला होता.

बाळासो : गेलतो. पाचच्या एस्टीनं. टेस्ट तीनला संपलीती. माझ्या मागावर माणसं ठेवलीत व्हय?

अनुजा : आकडेच तसे आहेत. आपला हा तपासणीचा डबा उपग्रहावरच बसणार, त्याच्यात सिग्नल सोडणार, परत आलेला मोजणार. टेबलावरचा हा नकली उपग्रह तापवला की परत येणारा सिग्नल घटायलाच हवा. तुमच्या कागदावर गारठ्यात बासष्ट पॉइंट चार, साठ डिग्रीलाही बासष्ट पॉइंट चार!

बाळासो : दिसलं त्ये लिवलं.

अनुजा : की एकदा बघून दोनदा लिहिलं? वर उपग्रहाचा आवाज बसला, तर खाली कळवणारा हा एकच डबा. तो चुकला तर पाना घेऊन वर कोण जाणार?

बाळासो : पंधरा वर्सं फौंड्रीत मापं घेतली म्या. खोटा आकडा न्हाय लिवला. तुमच्या डब्याचा संशय का येत न्हाय तुमाला?

अनुजा : डिझाइन माझं आहे. दहादा तपासलंय.

बाळासो : मग उपग्रहाकडं जाणारी ती केबल काढा. तुमीच काढा. माझ्या हातावर इस्वास न्हाय न्हवं.

अनुजा : काढली की आकडा शून्यावर येईल.

बाळासो : काढा तर.

(ती केबल काढते आणि स्क्रीनकडे बघत राहते.)

अनुजा : ...बासष्ट पॉइंट चार.

बाळासो : सुटली न्हाय व्हय नीट?

अनुजा : सुटलीय. हातात आहे माझ्या. सिग्नल बाहेर जातच नाही, बाळासो. आतल्या आत झिरपून परत येतोय. डबा स्वतःलाच मोजत बसलाय. वजन वाचवायला सिग्नल सोडणाऱ्या आणि मोजणाऱ्या भागांमधली भिंत मीच काढली होती.

बाळासो : भिंत व्हय? पत्रा हाय की. दुपारपातूर बशिवतो.

अनुजा : थांबा. मी सकाळी शशिधर सरांना मेल केलाय. तुम्ही आकडे बनवून लिहिले म्हणून. तुमचं नाव घालून.

बाळासो : म्हाईत हाय. नवालाच फोन आलता त्येंचा. उद्यापासनं येऊ नगा म्हणले.

अनुजा : अहो, मग आल्यापासून बोलला का नाहीत?

बाळासो : येत्या बुधवारी डबा बेंगळुरूला जायचाय. आधी त्यो बघूया म्हटलं.