अकरा मिनिटं

(इंडियाना राज्यातलं एक छोटं कॉलेजचं गाव. जानेवारीतला रविवार, चर्च नुकतंच सुटलंय. कोपऱ्यावरच्या खानावळीत खिडकीजवळ तिघं बसलेत: शाळेची बस चालवून निवृत्त झालेला वर्लिन, बावीस वर्षं बास्केटबॉलचा पंच राहिलेला ओडेल, आणि त्या दोघांच्या वारलेल्या मित्राची, ड्वाइटची बायको लोर्ना.)

वर्लिन : ...अकरा मिनिटांत पाच फाऊल. पाच झाले की बाहेर बसावं लागतं हे शेंबड्या पोरालाही कळतं. सात फुटांचा देह दिलाय देवानं, पण डोकं वाटायच्या वेळी हा एझ्रा टोल्बर्ट रांगेत नव्हता.

ओडेल : सात नाही. सहा फूट अकरा इंच.

वर्लिन : एका इंचानं काय फरक पडतो? काल रात्रभर तोंड कडू होतं माझं. तीन गुणांनी हरलो. त्या रिव्हर्टनवाल्यांकडून. थुंकावंसं वाटलं.

ओडेल : अकरा मिनिटांत आठ गुण केले त्यानं. सहा वेळा बोर्डावरून परतलेला चेंडू हिसकावला. बाकीच्या पोरांना चाळीस मिनिटांत नाही जमलं ते.

वर्लिन : तेच तर. अंगात खेळ आहे म्हणूनच चीड येते. नसतंच तर मी काय बोललो असतो? पहिल्या मिनिटाला समोरच्यानं नुसती हूल दिली, चेंडू हातातच, आणि हा उडाला. उडाला तो थेट त्याच्या खांद्यावर जाऊन पडला. दोन वर्षं झाली, प्रत्येक हुलीला उडतोय.

ओडेल : पहिला फाऊल कबूल. दुसरा नव्हता. पोरगा जागेवर उभा होता, पाय रोवून. रिव्हर्टनचा तो टिल्लू स्वतः येऊन धडकला आणि गडगडत गेला. मी शिट्टी वाजवली नसती.

वर्लिन : तू वाजवली नसतीस. तुझ्या वेळी लोक रक्त पुसून खेळायचे.

ओडेल : खरा वीट मला कोचचा आलाय. हाताची घडी घालून उभा. उंच पोराला पहिल्या वर्षी एकच शिकवायचं असतं: हात सरळ वर ठेव आणि खाली आणू नकोस. दोन वर्षांत तेवढं झालं नाही. आणि दोन फाऊल झाले की बसव बाकावर, चवथा झाला की पुन्हा बसव. बाकावर बसून कोणी शिकतं का? पुढच्या वर्षी दुसरं कॉलेज उचलेल त्याला, तिथे शिकेल, आणि आपण टीव्हीवर बघत बसू.

वर्लिन : जाऊ दे की. मी स्वतः बसमध्ये बसवून देतो. लोर्ना, तू का गप्प? अंडी गार झाली तुझी.

लोर्ना : भूक नाही.

वर्लिन : काल गाडीतही बोलली नाहीस. हरल्याचं एवढं मनावर घेऊ नये.

लोर्ना : तिसरा फाऊल कसा झाला, आठवतोय तुला?

वर्लिन : आठवायचं काय त्यात? दणका दिला हातावर.

लोर्ना : त्याच्या आधी काय झालं?

वर्लिन : आधी काय?

लोर्ना : आपल्या ब्रॅडीनं ज्याला अडवायचं, तो रिव्हर्टनचा पोरगा त्याला चुकवून आत घुसला. ब्रॅडी नुसता बघत राहिला. पलीकडच्या कोपऱ्यातून एझ्रा धावत आला, कारण दुसरं कोणी येतच नव्हतं. पाऊलभर उशीर झाला आणि हात लागला. चवथाही तसाच. ब्रॅडीच्याच बाजूनं.

वर्लिन : ब्रॅडीला मध्ये आणू नकोस. ते पोरगं सहा वर्षं माझ्या बसमधून शाळेत गेलंय. आपल्या गावचं आहे.

लोर्ना : म्हणून त्याचे पाय हलत नाहीत ते तुला दिसत नाही.

ओडेल : बरोबर बोलतेय ती. मीही तेच पाहिलं. पुढची पोरं दार उघडं टाकतात आणि चोर पकडायचा या एकट्यानं. पकडला तरी बोल त्यालाच.

वर्लिन : बरं. तिसरा-चवथा सोडा. पाचवा? बास्केटपासून तीस फुटांवर, काही कारण नसताना, पाठमोऱ्या पोराला ढकललं. नऊ मिनिटं बाकी होती. त्यालाही ब्रॅडी जबाबदार?

ओडेल : नाही. तो शुद्ध मूर्खपणा होता. तिथे मी काही बोलत नाही.

लोर्ना : मी बोलते. पाचव्या फाऊलच्या आधी तो आपल्या बाजूला बघत होता. खेळ चालू असताना. तुला दिसलं नाही, कारण तू उभा राहून ओरडत होतास.

वर्लिन : सगळेच ओरडत होते.

लोर्ना : सगळ्यांनी नंतर उचललं. सुरुवात तू केलीस. 'नांगराला जुंपा त्याला.' चवथा फाऊल झाल्यावर. मग मागच्या रांगेनं घेतलं, मग विद्यार्थ्यांनी. पाच मिनिटं सगळी जिम पाय आपटत होती. नांगर, नांगर.

वर्लिन : अगं, गंमत ती. पोरगा नेब्रास्कातल्या शेतावरचा आहे, म्हणून. त्याहून वाईट वाईट ओरडतात लोक. ओडेलला विचार, बावीस वर्षं काय काय ऐकलंय त्यानं.

ओडेल : मला ते ऐकायचे पैसे मिळायचे. आणि मी चाळिशीचा होतो, एकोणीस वर्षांचा नव्हतो.

लोर्ना : तुझ्या वडिलांनी जन्मभर डुकरं पाळली, वर्लिन. शाळेत तुला कोणी त्यावरून बोललं की ड्वाइट मारामारीला उठायचा. त्यानंच सांगितलंय मला.

वर्लिन : ड्वाइटला कशाला आणतेस यात?

लोर्ना : जिममध्ये त्याच्याच खुर्चीवर बसते म्हणून. बरं, ते राहू दे. आपल्या पुढच्या रांगेत करड्या कोटातली बाई होती, आठवते?

वर्लिन : हो. भली बाई होती. एकटीच आलेली. मी माझ्यातलं पॉपकॉर्न दिलं तिला. का?

लोर्ना : त्याची आई होती ती.

वर्लिन : ...कोणाची?

लोर्ना : एझ्राची. आर्डिस टोल्बर्ट. गाई शेजाऱ्याच्या हवाली करून दहा तास गाडी चालवून आली होती. कॉलेजच्या संघातून त्याला खेळताना पहिल्यांदा बघायला. मध्यंतरात तिनंच मला सांगितलं. तू हॉट डॉग आणायला गेला होतास.

ओडेल : अरे देवा.

वर्लिन : मग मला सांगायचं नाही का? एक शब्द. मी तोंड शिवून बसलो असतो.

लोर्ना : तेच तर. आई पुढे बसलीय म्हणून गप्प बसायचं. आई नेब्रास्कात असेल तर चालेल.

वर्लिन : तसं नाही म्हणालो मी.

लोर्ना : तसंच म्हणालास. पण तू विचारलंस ते बरोबर आहे. मी का सांगितलं नाही? काल गाडीत तेच विचारत होते स्वतःला. तुझी बाही ओढायला मी हात उचलला होता. मग वाटलं, सगळे बघतील, तू चिडशील, संध्याकाळ नासेल. हात परत मांडीवर ठेवला. तुझी शिसारी आलीय मला, वर्लिन, खोटं कशाला बोलू. पण तुझ्याहून जास्त माझी आलीय.

ओडेल : ती बाई काय करत होती?

लोर्ना : काही नाही. ताठ बसून होती. ते ओरडणं सुरू झालं तेव्हा मांडीवरच्या पॉपकॉर्नची पिशवी हळूच खाली ठेवली, एवढंच. तो बाहेर जाऊन बसला, डोक्यावर टॉवेल घेतला, तेव्हा एकटीनं टाळ्या वाजवल्या. संपल्यावर मी तिच्या मागोमाग गेले. बायकांच्या स्वच्छतागृहात हात धूत होती. मी माफी मागितली.

वर्लिन : काय म्हणाली?

लोर्ना : म्हणाली, तुम्ही कशाला मागता, तुम्ही तर काहीच बोलला नाहीत.

ओडेल : हं.

लोर्ना : मनापासून म्हणाली. म्हणून रात्रभर टोचत राहिलं. आणि तुझ्याबद्दल म्हणाली, ते गृहस्थ मनानं चांगले वाटले, मला खायला दिलं त्यांनी.

वर्लिन : पुरे, लोर्ना.

लोर्ना : ख्रिसमसला एझ्रा घरी गेला तेव्हा ती म्हणाली होती त्याला, परत जाऊ नकोस, इथल्या कॉलेजात खेळ, जवळ राहशील. तो म्हणाला, तिथल्या लोकांना माझी गरज आहे, माझ्याएवढं उंच तिथे कोणी नाही.

वर्लिन : कुठे उतरलीय ती? मी जाऊन भेटतो. आत्ता जातो.

लोर्ना : गेली. उजाडायच्या आत निघाली. संध्याकाळचं दूध काढायला पोचायचं होतं तिला.

वर्लिन : मग त्या पोराला भेटतो.

लोर्ना : त्याला भेटून काय सांगणार? मी तोच, म्हणून?

वर्लिन : ...सांगेन. तेच सांगेन.

लोर्ना : सांग मग. मला कळवायची गरज नाही. माझा कोट दे, ओडेल.

ओडेल : बर्फ पडतंय. मी सोडतो तुला.

लोर्ना : तीनच गल्ल्या आहेत. चालते. चालायला बरं वाटेल.

वर्लिन : लोर्ना, तुझं खाणं तसंच आहे.

लोर्ना : तू खा.

ओडेल : ...गेली. बस खाली, वर्लिन. आता मागे जाऊ नकोस.

वर्लिन : ड्वाइट गेल्यापासून एक सामना चुकला नाही आमचा. नऊ वर्षं. वादळ होतं तेव्हाही गेलो होतो आम्ही.

ओडेल : माहीत आहे.

वर्लिन : मला वाटलं, मी त्या पोराचा राग करतोय ते तो चांगला खेळावा म्हणूनच. खरंच तसं वाटलं होतं मला.

ओडेल : मी बावीस वर्षं मैदानावर उभा होतो. ओरडणाऱ्या प्रत्येकाला तसंच वाटतं.

वर्लिन : पुढच्या शनिवारी घरचाच सामना आहे. नेहमी साडेचारला तिच्या दारात गाडी लावतो मी. लावू का?

ओडेल : लाव. हॉर्न मात्र वाजवू नकोस.