काउंटरला न दिसणारी बाई

अहो, बसा ना, दारात काय उभे! कंपनीनं पाठवलंय म्हणालात, मग संकोच कसला? दार तेवढं लावून घेते, कॉम्प्युटरच्या खोलीतला गारवा जातो — आणि हे आतूनही किल्लीशिवाय उघडत नाही हं, तेव्हा जाताना मला सांगा. हां, तर काउंटरच्या मुलीनं तक्रार केली असणार, पेशंट आहे पण स्क्रीनवर नाव येत नाही. बिघाड नाहीये तो. मीच केलंय. असं बघा — दवाखान्यातल्या सगळ्यांची माहिती एकाच मूळ फाइलमध्ये, ती फिजिकल फाइल. आणि काउंटर, वॉर्ड, बिलवाले जे बघतात ती लॉजिकल फाइल. तिच्यात माहिती असते का? छे, कणभरही नाही! नुसती खिडकी. काउंटरच्या खिडकीतून नावांच्या क्रमानं दिसतं, वॉर्डच्या खिडकीतून खाटांच्या. सिस्टरनं खाट बदलली की बदल मूळ फाइलमध्येच होतो, म्हणून सगळ्या खिडक्यांत लगेच दिसतो. आणि खिडकी बांधतानाच सांगून ठेवता येतं — अमुक खूण असलेली नोंद वगळ. तशी मी एक बाई काउंटरपुरती वगळलीय. पुसली नाही, वगळली.

का म्हणजे? तिचा नवरा! गोड बोलून काउंटरवर खाट विचारली, वर गेला, सलाईनचा स्टँड उपटला आणि घातला तिच्या तोंडावर — आधीच तारांनी बांधलेला जबडा, तोच पुन्हा फोडला. केस धरून जिन्यापर्यंत फरफटवली. आमच्या आयाबाई मध्ये पडल्या, त्याच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला, तर त्यानं गुडघा असा हाणला की दोन दात फरशीवर. रक्तावरून सगळ्यांचे पाय घसरत होते म्हणे. मी इथे खाली, मी काही त्याला पाहिलं नाही. फरार आहे मेला, म्हणून तिची खाटही बदललीय.

थांबा, दाखवतेच. ही काउंटरची खिडकी — आहे का नाव? नाही. आता ही मूळ फाइल — दिसली? वॉर्ड, खाट, सगळं शाबूत. अहो, काचेला बोट नका लावू, डाग —

मनगटाला काय झालंय हो?

कुत्रा? कुत्र्याचा चावा असा गोल नसतो, भाऊ.

काही नाही, हात सहज गेला भिंतीकडे. हो, लाल बटण. वरती घंटा वाजायला लागली असेल. किल्ली? ही काय — गेली. जमिनीच्या जाळीतून खाली, तारांच्या गुंत्यात. काढ, बोटं जातात का बघ. मीच दाखवली म्हणून तुला तिची नवी खाट कळली ना? मग माझ्या अंगावरून जावं लागेल तुला. खुर्ची उचलतोस? उचल. आग विझवायचं हे नळकांडं बघितलंस? लोखंडी आहे. रोज पुसते मी. तुझा जबडा मोडला तर तुझं नाव मात्र काउंटरला दिसेल, मी स्वतः —

ये.