उशिरा येणाऱ्याची फेरी

मी मंत्र्यांबद्दल कधीच चांगलं बोलत नाही म्हणता ना? मग हे ऐका.

आपले शिंदेअण्णा, हॉकीचे जुने गोलकीपर. खेळणं सोडल्यापासून यशवंतपूरच्या मैदानावर गरीब मुलींना फुकट शिकवतात. त्याबद्दल त्यांना समाजसेवेचा पुरस्कार मिळणार होता. हॉल भरला, पण मंत्र्यांचा पत्ता नाही. दुसऱ्या दिवशी मुलींची निवड चाचणी, त्या मैदानावर सरावासाठी थांबलेल्या, त्यामुळे अण्णा सारखे घड्याळ बघत होते. मी आयोजकांशी भांडलो, "ज्यांच्यासाठी हा माणूस राबतो, त्या मुली तिकडे ताटकळल्यात."

"सर, स्वल्प अड्जस्ट माडी," आयोजक कानडीत म्हणाले, म्हणजे जरा सांभाळून घ्या.

अण्णा शांतपणे उठले आणि निघून गेले. आयोजकांना आणखी चार शब्द सुनावून मीही मागून रिक्षा केली. पोचलो तर अण्णा सत्काराच्या कपड्यांतच मैदानाला फेरी मारत होते.

"उशीर झाला की फेरी," ते धापा टाकत म्हणाले. "नियम माझाच आहे."

थोड्या वेळाने मंत्र्यांची गाडी थेट मैदानात आली. आता हे अण्णांना झापणार, म्हणून मी बाह्या सरसावल्या. मंत्री सत्काराची पगडी, म्हैसूर पेटा, घेऊन उतरले. "अण्णा, उशीर झाला, माफ करा."

अण्णांच्या आधी एक मुलगीच बोलली, "सर, उशीर झाला की फेरी मारायची."

मंत्र्यांच्या मागोमाग आलेले आयोजक पांढरे पडले. मंत्र्यांनी पेटा अण्णांच्या डोक्यावर ठेवला, धोतर खोचलं आणि खरंच पळाले.

मी टाळ्या वाजवत होतो. तीच मुलगी माझ्याकडे वळली.

"अंकल, उशिरा तर तुम्हीही आलात, आणि यांच्या आधीपासून उभे आहात. तुमची फेरी कधी?"