चिंबूच्या आतला हात

हॅलो? … हां आत्या, बोल ना! … नाय गो, झोपले नव्हते, क्लासला गेले होते. … असतो, रविवारीपण असतो. दहावीचं वर्ष ना. … जेवले. आईनं वालाचं बिरडं केलं होतं. तू कशी हायस? पेणला…

काय? … कुठला व्हिडिओ?

…

कोणी पाठवला तुला? … प्रणितानं? त्या बाईला ना काय… नाय, नाय. तिची काय चूक.

हो. किमयाच हाय ती. मीच.

अगं ऐक ना… आत्या, ऐक ना गो… मी सांगणारच होते तुला. … आज नाय तर उद्या… बरं. नव्हते सांगणार. परवा वडखळच्या स्टँडवर भेटलीस ना, तेव्हा सारखं तोंडापर्यंत येत होतं. मग मी भेंडीच्या भाजीवर बोलत बसले.

… तसं नाय गो. ते नवे चॅनेलवाले रोह्याला आले होते मुली बघायला. म्हणजे चिंबूची बाहुली हातात घालून नाचवायला. तुझ्या जागी. म्हटलं गंमत म्हणून जाऊ. रांगेत जी ती चिंबूचा आवाज काढत होती, आणि सगळ्यांचा उंदीर होत होता! खेकडा कोणालाच जमेना. मी एकदाच बोलले, ‘तिरका चालतो, पण सरळ बोलतो!’ तर तो मॅनेजर खुर्चीतून उठलाच. ‘मॅडम’ म्हणाला मला. मला, आत्या! …

हो, तुझंच वाक्य हाय. … हो, तुझ्याच ओट्याशी बसून शिकले. माहीत हाय मला.

… काय सांगितलं त्यांना? … नाय. तू माझी आत्या हायस ते नाय सांगितलं. … तुझी लाज नाय गो वाटली! कसं बोलतेस? … त्यांनी विचारलं, कोणी शिकवलं. मी म्हणाले, लहानपणापासून येतो. आपोआप.

…

आत्या? हायस ना?

… अगं तुला काढलं तेव्हा मी किती भांडले होते माहितेय? सगळ्या वर्गात सांगत फिरले, माझी आत्या ती वेफर्सच्या जाहिरातीची ओळ बोलणार नाय, चिंबू पोरांना आईपुढे हट्ट करायला शिकवणार नाय, घाला म्हणावं तुमचा कार्यक्रम चुलीत! … नाय, चुलीत मी माझं घातलं. तू तसं म्हणाली नव्हतीस.

… हो.

… हो, बोलले मी ती ओळ. मागच्याच भागात. ‘आईने नाही म्हटलं, तर भोकाड पसरा.’ … तशीच होती. मी नाय लिहिली! … हसली गो पोरं. तेच तर. खूप हसली.

पुढे? … तेपण बघितलंस? अगदी शेवटपर्यंत?

…

काय सांगू तुला. सगळा हॉल ‘चिंबू, चिंबू’ करत होता. आणि मी टेबलामागे गुडघ्यांवर, घामानं निथळत, केस तोंडात. वाटलं, एकदा तरी कळू दे ना यांना आत कोण हाय ते. म्हणून उठले. … माहीत हाय. माहीत हाय, आत्या. तू एवढ्या वर्षांत पोरांसमोर कधी हात काढला नायस. आधी त्याला टोपलीत निजवायचा, वर फडकं टाकायचं, टोपली आत न्यायची, मग हात. मला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? ती टोपली मीच तर उचलायचे.

काढला मी. भर स्टेजवर. त्याला टेबलावर टाकला आणि दोन्ही हात जोडून वाकले. हिरॉइनसारखी.

टाळ्या थांबल्या. … व्हिडिओत ऐकू येतं का ते? … येतं?

ती लाल फ्रॉकवाली छोटी दिसली तुला? ईरा नाव तिचं. निडीवरून आली होती आजोबांबरोबर. सरळ स्टेजवर चढली. मला वाटलं सही मागतेय. … पेन काढलं गो मी! खरंच पेन काढलं खिशातून. … तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाय. चिंबूचं तोंड उघडं राहिलं होतं ना, ते मिटवत होती. मिटेना. मग स्वतःचा रुमाल घातला त्याच्यावर.

… मी काय करणार? हसले. सगळे बघत होते ना. मग कोणीतरी गाणं लावलं, नि हातात पेन घेऊन मी तशीच उभी.

सोडते मी, आत्या. उद्याच सांगते त्यांना. … का नको? … हो, ते तर आणतीलच तिसरी कोणी. त्यांचाच हाय तो आता. केबलवाल्या काकांनी कार्यक्रम विकला, तेव्हा चिंबूपण गेला, तू स्वतःचा लाल स्वेटर फाडून शिवलेला. तुला कुठे विचारलं कोणी? आता कोणाचापण हात घालतील. …

आत्या, खरं सांगू? रागावू नको. आत्ता ‘सोडते’ म्हणाले ना… तेव्हा मनात म्हणत होते, देवा, हिनं ‘नको सोडू’ म्हणू दे.

…

म्हणालीस तू ‘नको’. आणि मला बरं वाटलं. अशी हाय मी.

… नाय रडत. सर्दी हाय.

… तो? इथेच हाय, माझ्याकडे. डाव्या नांगीची शिवण उसवलीय, म्हणून घरी आणला. … बारीक टाके, हो. घालते. … काय? बोलायचंय त्याच्याशी? आत्ता? फोनवर? … आत्या, मला नाय जमणार. … बरं. बरं, थांब, हात घालते. …

‘मालतीबाय… जेव…’ नाय गो, घसा बसलाय. थांब. पुन्हा. … ‘मालतीबाय! जेवलीस का?’

…

‘मी मजेत. एसीत असतो. सर्दी होते.’ … हसलीस तू! … नाय, नाय, मी मध्ये नाय बोलत. बोल.

‘नवी पोर? बरी हाय. हात गरम हाय तिचा. … चुकली ती. व्हय, लय चुकली. … तिला सांगता येत नाय म्हणून मी सांगतोय.’

…

‘विचार की.’

…

कोणाचा हात हवा त्याला? तुझा का माझा?

…

आत्या, हे त्याला नको ना गो विचारू.

… नाय. तो गप्प नाय बसला, आत्या. मी बसलेय.

… हॅलो? … आत्या?