चौदा तारखेला काहीच दाबलं नाही

(कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान. ताई दुकानाची मालकीण. समोर तिचा धाकटा भाऊ, आणि दोघांच्या मध्ये त्याच्या घरचा उघडलेला कॉम्प्युटर.)

ताई: आणि हा वेग एवढा वाढवायला तुला कुणी सांगितलं होतं, डॉक्टरांनी?

धाकटा: ताई, टोमणे नंतर मार. हा डबा अधूनमधून आपोआप बंद पडतो. मेमरी खराब आहे. ती बदल, मी जातो.

ताई: निदान करून झालं, औषधही ठरलं. मग माझ्याकडे कशाला आलास, हवा खायला?

धाकटा: बदलायला.

ताई: मेमरी उत्तम आहे. प्रोसेसरनं काही मागितलं की ते काढून द्यायला हिला आतल्या घड्याळाचे छत्तीस ठोके लागतात. तसं पाकिटावर छापलंय. तू तिला अठ्ठावीस ठोक्यांत द्यायला लावतोयस.

धाकटा: पाकिटावर कंपनी घाबरून लिहिते गं. जाणकार लोक कमी करतात.

ताई: जाणकार म्हणजे तुमचा तो ग्रुप. टक्कल पडलेले बाप्ये, कुणाचा डबा जास्त पळतो ते बघत बसलेले.

धाकटा: चारशे जण आहोत. त्यात माझा स्कोअर तिसरा आहे.

ताई: अरे वा. आईला फोन करून कळवलंस का? फार काळजीत होती, मुलाचं कसं होणार म्हणून.

धाकटा: तू थट्टाच कर.

ताई: थट्टा नाही, समजावतेय. कारकून कपाटापर्यंत पोचायच्या आत तू त्याच्या डोक्यावर उभा राहून 'फाईल दे, फाईल दे' करतोस. नव्व्याण्णव वेळा तो बिचारा धावतपळत देतोही. शंभराव्या वेळी हाताला लागेल ते देतो, आणि मशीन मान टाकतं. वर प्रोसेसरही पळवलायस. एक ओढलं की दुसरं सैल सोडायचं असतं. तू सगळंच ताणून बसलायस.

धाकटा: पण मी टेस्ट लावली होती. एकही चूक आली नाही. ठणठणीत.

ताई: किती वेळ लावली होतीस?

धाकटा: व्यवस्थित लावली होती.

ताई: व्यवस्थित म्हणजे किती?

धाकटा: दहा मिनिटं.

ताई: मी आठ तास लावते. दहा मिनिटांत माझा चहासुद्धा निवत नाही. बरं, तेव्हा डब्याचं झाकण लावलेलं होतं?

धाकटा: उघडं होतं.

ताई: आणि समोर टेबलफॅन असेल.

धाकटा: होता. सगळेच लावतात.

ताई: खिडकी?

धाकटा: उघडी. सकाळची गार हवा होती.

ताई: झकास. म्हणजे झाकण काढून, वारा घालून, गारव्यात दहा मिनिटं. मग झाकण लावलंस आणि डबा पोरीच्या खोलीत ढकललास. आतल्या पंख्यांचा वेगही कमी केलेला दिसतोय.

धाकटा: आवाजाचा तिला त्रास होतो म्हणून केला.

ताई: फार जीव आहे रे तुझा तिच्यावर. ती करते काय यावर?

धाकटा: ॲनिमेशन शिकतेय ना. शेवटच्या परीक्षेला एक मिनिटाचा सिनेमा करायचाय. चित्रं तयार करायला लावली की मशीन पाच-पाच तास चालतं. पण हिला धीर कुठाय? पंचवीस खिडक्या उघडून बसते, कुठलंतरी बटण दाबते आणि बंद पाडते.

ताई: हे तिनं सांगितलं?

धाकटा: मीच सांगितलं तिला. प्रत्येक वेळी ऑफिसातून आलो की टेस्ट लावून दाखवायचो. बघ, म्हटलं, मशीन ठणठणीत आहे, तुझंच काहीतरी चुकतंय.

ताई: दहा मिनिटांची टेस्ट.

धाकटा: हो. शेवटी तिला म्हटलं, जे जे दाबशील ते वहीत लिहून ठेव, म्हणजे चूक सापडेल. तीच वही आणलीय पिशवीतून. तुला उपयोग होईल म्हणून.

ताई: बघू. 'तीन तारीख. सेव्ह केलं आणि लगेच दुसरी फाईल उघडली. बंद पडलं. माझी चूक.' अक्षर किती सुंदर आहे रे पोरीचं. 'नऊ तारीख. काम चालू असताना गाणी लावली. बंद पडलं. गाणी लावायला नको होती.' 'बारा तारीख. माउस जोरात हलवला असेल.' माउस जोरात हलवला असेल, ऐकतोयस?

धाकटा: ऐकतोय.

ताई: 'चौदा तारीख. काम लावलं आणि हात मांडीवर ठेवून बसले. चार तास काहीच दाबलं नाही. बंद पडलं. तरी माझंच काहीतरी चुकलं असेल.' ही वही तू वाचलीस का कधी?

धाकटा: वरवर.

ताई: वरवर! एकदा तरी ते आकडे मूळ जागी आणून बघितलेस? एकदा?

धाकटा: तिसऱ्याचा अकरावा झालो असतो.

ताई: धन्य आहेस बाबा तू.

धाकटा: ताई, अजून एक आहे. काल जेवताना ती म्हणाली, मला हे जमत नाही, कोर्स सोडते. आज अर्ज देणार आहे.

ताई: आणि तू काय म्हणालास?

धाकटा: म्हटलं, तुझं तू बघ. अर्जावर पालकांची सही लागते.

ताई: केलीस?

धाकटा: सकाळी केली.

ताई: फोन लाव तिला. स्पीकरवर लाव. मी तोवर आकडे मूळ जागी आणते.

धाकटा: तूच बोल ना. सांग, मेमरी खराब निघाली, आत्यानं बदलली. तीही खूश, मीही सुटलो.

ताई: आधी पोरीच्या माथी खापर फोडलंस, आता या मेमरीच्या पट्टीच्या माथी फोडतोयस. पट्टीला तोंड नाही, आणि पोरीला तू ठेवलं नाहीस. लाव फोन.

धाकटा: लागला. हॅलो, कुठेयस?

मुलगी: कॉलेजच्या ऑफिसात, बाबा. रांगेत आहे. पुढे दोघीजणी आहेत.

धाकटा: ऐक. मशीनचं कळलं. ते म्हणजे, काय झालं होतं की आतमध्ये जरा…

ताई: मराठीत सांग.

धाकटा: मी त्याचा वेग वाढवून ठेवला होता. स्कोअरसाठी. ते त्याला झेपत नव्हतं, म्हणून बंद पडायचं. मी दहा मिनिटंच तपासलं आणि तुला बोलत राहिलो. तुझी चूक नव्हती.

ताई: ऐकलंस ना गं?

मुलगी: ऐकलं, आत्या. बाबा, चौदा तारखेचं बंद पडणंसुद्धा त्यानंच?

धाकटा: चौदाचंही. सगळंच.

मुलगी: त्या दिवशी मी खरंच काही दाबलं नव्हतं. नंतर मलाच खरं वाटेना. वाटलं, दाबलं असेल आणि आठवत नसेल.

धाकटा: माझं चुकलं गं. तू रांगेतून बाहेर ये.

मुलगी: आले बाहेर. कधीच आले. आत्या, तो डबा तुझ्याकडेच राहू दे का? मी रोज तिकडे येऊन काम करते. एक कोपरा दे.

ताई: खुर्चीही देते.

धाकटा: अगं तिकडे कशाला? मी घरीच घेऊन येतो. ताईनं सगळे आकडे मूळ जागी आणलेत. आता ठणठणीत आहे.

मुलगी: किती मिनिटं तपासलंत?